सर्व्हर चालू न ठेवता चॅटबॉट उत्तर देतो कसा? बीडला त्याचा उपयोग काय?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणेला पूर आला आणि बीड जिल्ह्यात उभी पिकं पाण्यात गेली. पंचनामे झाले, याद्या लागल्या. मग गावोगावी एकच प्रश्न : 'यादीत नाव आहे का, अनुदान कुठं अडकलं?' उत्तरासाठी तलाठी कार्यालय, नाहीतर सेतू केंद्राची रांग.

हे काम व्हॉट्सअ‍ॅपवरचा बॉट करू शकतो. मुंबई महापालिकेने जानेवारी २०२२ मध्ये असा बॉट सुरू केला. राज्य सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मेटा'सोबत 'आपले सरकार' चॅटबॉटसाठी करार केला.

शेतकरी यादीतला विशिष्ट क्रमांक पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅप तो मेसेज ठरलेल्या इंटरनेट पत्त्यावर ढकलतं. तिथे छोटा कोड जागा होतो, नोंदीत क्रमांक शोधतो, उत्तर देतो आणि थांबतो. यालाच 'सर्व्हरलेस' म्हणतात. नाव फसवं आहे. सर्व्हर असतोच, पण तो क्लाउड कंपनीचा. ट्रॅक्टर विकत न घेता तासावर नांगरट करून घ्यावी, तसंच हे. फक्त इथे हिशेब तासाचा नाही, मिलिसेकंदाचा. अ‍ॅमेझॉनच्या 'लॅम्ब्डा' सेवेत महिन्याला पहिल्या १० लाख विनंत्या मोफत आहेत. यादी लागली त्या दिवशी हजारो मेसेज आले, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत कोडच्या लागतील तितक्या प्रती एकाच वेळी चालतात. पुढचे सहा महिने कुणी विचारलं नाही, तर कोड चालवण्याचं बिलही नाही. वर्षातून दोनदाच गर्दी होणाऱ्या कामासाठी कायमच्या सर्व्हरचं टेंडर काढणं म्हणजे उधळपट्टीच.

एक खाच मात्र आहे. वेळेत पोच मिळाली नाही तर व्हॉट्सअ‍ॅप तोच मेसेज पुन्हा पाठवतं आणि कोड दोनदा चालतो. नुसती चौकशी असेल तर बिघडत नाही. अर्ज असेल तर एकाच शेतकऱ्याचे दोन अर्ज जातात, आणि 'दुबार अर्ज' म्हणून हेलपाटे त्यालाच. त्यामुळे प्रत्येक मेसेजचा आयडी आधी नोंदवून तपासायलाच हवा. चॅटमध्ये आधार क्रमांक मागणंही टाळावं. विशिष्ट क्रमांक पुरतो.

'१ दाबा, २ दाबा' करत शेवटी 'तहसील कार्यालयाशी संपर्क साधा' म्हणणारे बॉट कुणालाच नकोत. एका तालुक्यासाठी, याच एका प्रश्नापुरता बॉट करून बघायला हरकत नाही. कोड लिहायला अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी पुरतील. अनुदानाच्या नोंदी वाचायची परवानगी मात्र बीडमध्ये मिळत नाही, त्यासाठी मुंबई गाठावी लागते.