विषाच्या गाळात बिऱ्हाड



लोखंडी बादली गंजू नये म्हणून तिच्यावर जस्ताचा मुलामा देतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. किंचित जस्त आपल्या शरीरालाही लागतं. पण ते फार झालं, की पेशींतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. जस्ताचा भाऊबंद कॅडमियम तर थोडाही नको!

बेल्जियममध्ये जस्ताच्या एका कारखान्याचं सांडपाणी निवळण्यासाठी टाकीत सोडत. तळाशी जड धातूंनी भरलेला गाळ बसे. १९७६ साली शास्त्रज्ञांनी हा गाळ तपासला, तर काय! तिथे एका जिवाणूचा संसार खुशाल चालला होता. त्याचं आजचं नाव क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स. म्हणायला अवघड आहे खरं, पण दुसऱ्या शब्दाचा अर्थ सोपा आहे : धातू सोसणारा.

हा सोसतो तरी कसा? होडीला भोक पडलं, की नावाडी डबड्याने पाणी उपसत राहतो ना, अगदी तसा. त्याच्या आवरणात प्रथिनांचे पंप असतात. जस्त, कॅडमियम, कोबाल्ट आत शिरले रे शिरले, की हे पंप त्यांना बाहेर फेकतात. पंप फुकट चालत नाहीत बरं का! जिवाणूची ताकद त्यात खर्च होते. आणखी गंमत म्हणजे, हे पंप बनवायची कृती डीएनएच्या एका सुट्या कड्यावर लिहिलेली असते. त्या कड्याची नक्कल तो दुसऱ्या जिवाणूला देऊ शकतो. तुम्ही मैत्रिणीला गृहपाठाची वही देता तशी!

हे वर्गात सांगितलं, की एक हात हमखास वर येतो. "बाई, मग हे जिवाणू घाण नदीत सोडले, की झालं!" नाही हो. उष्टं अन्न, पालापाचोळा कुजतो, त्याचं खत होतं. जस्त हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, संपत नाही. जिवाणूने बाहेर फेकलेलं जस्त पुन्हा पाण्यातच!

पण एक युक्ती आहे. पंप चालू असताना जिवाणूभोवतीचं पाणी अल्कधर्मी होतं आणि बाहेर फेकलेल्या धातूचे घट्ट कण त्याच्या अंगावरच धरतात. म्हणून शास्त्रज्ञांनी गाळणीतल्या वाळूवर हे जिवाणू वाढवले आणि तिच्यातून कारखान्याचं पाणी सोडून पाहिलं. धातू वाळूपाशी अडकला. वाळू धुऊन पुन्हा गाळणीत जाते. धातूचा चिखल मात्र वेगळा काढून बंदिस्त जागी ठेवावा लागतो.