चाळीतला कांदा आणि कंपनीचे शिक्षण

कंपनी कायद्यातील २००२ सालच्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापण्याचा मार्ग खुला झाला. अशी कंपनी सभासदांना किती शिकविते, हे शिबिरांच्या संख्येवरून ठरविणे सोपे. परंतु हजेरीपट म्हणजे शिक्षण नव्हे.

कळवणसारख्या कांद्याच्या तालुक्यात खरी कसोटी चाळीत लागते. उन्हाळ्यात भरलेला कांदा दिवाळीच्या सुमारापर्यंत टिकवावयाचा असतो. त्यातील किती सडला, ओला भरल्यामुळे की हवा न खेळल्यामुळे, याची नोंद होते काय? ती सभेत वाचली जाते काय? संचालकाच्या चाळीतील नासाडीही तितक्याच मोकळेपणाने सांगितली जाते काय? जेथे चूक सांगणाऱ्याची पत घटते, तेथे चूक झाकली जाते आणि पुढील हंगामात पुन्हा घडते.

इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे १८४४ साली स्थापन झालेल्या सहकारी भांडाराने पुढे नफ्यातील अडीच टक्के सभासदांच्या शिक्षणासाठी राखून ठेवले. आपल्या उत्पादक कंपन्यांनीही लाभांशापूर्वी असा वाटा काढावा आणि हंगामाअखेर प्रत्येक चाळीचा हिशेब सर्वांसमक्ष मांडावा. प्रश्न विचारण्यास कचरणारा भागधारक कंपनीचा मालक केवळ कागदावरच असतो.