समाजमंदिराची किल्ली कोणाकडे?



काही वर्षांमागची गोष्ट आहे. मार्गशीर्षातली थंडी होती. एका नातेवाइकाच्या दुःखद प्रसंगी आम्ही आमच्या मूळ गावी, केज तालुक्यातल्या वस्तीवर गेलो होतो. रात्रीचे आठ वाजले असतील. वस्तीतली निम्मी घरं बंद, कारण दसरा-दिवाळी झाली की आपली माणसं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. समाजमंदिराच्या पायरीवर, रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात, दहावीतली एक मुलगी शाल पांघरून पुस्तक वाचत बसली होती. आई-बाप ऊसतोडीला सांगली भागात आणि ती आजीजवळ. घरात एकच खोली. आजीला खोकल्याने झोप नाही, म्हणून ही बाहेर.

आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "अगं बाई, थंडीत कशाला बसलीस? आत बसून अभ्यास कर की!"

तिने वर पाहिलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "किल्ली तुमच्याकडंच हाय ना, काका?"

बंधूंनो, खोटं कशाला सांगावं? किल्ली आमच्याकडेच होती. समाजमंदिर समितीचे सचिव आम्ही, आणि राहायला तालुक्याच्या गावी. मोटारसायकलच्या किल्लीबरोबर त्याच कडीत ती दोन वर्षं लटकत होती. जयंतीला कुलूप काढायचं, जयंती झाली की लावायचं. त्या रात्री कुलूप उघडलं तर आत सोयाबीनची पोती, कुणाचा तरी कडबा आणि मंडपाचे बांबू. दिव्याचं बटण दाबलं, उजेड नाही. बिल थकलं म्हणून वीज कधीच तोडलेली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्यावर धूळ. आमची मान खाली गेली ती अजून पुरती वर झालेली नाही. म्हणून आज हा लेखनप्रपंच.

समाजमंदिर म्हणजे चार भिंती आणि स्लॅब, असं आपण समजून चाललो आहोत. आपल्या वाडवडिलांना मात्र त्या चार भिंतींची किंमत ठाऊक होती. गावाला चावडी होती, देवळापुढे पार होता, पण तिथं बसायचा अधिकार आपल्याला नव्हता. कितीतरी महारवाड्यांत तक्क्या असे. पाहुणा-रावळा तिथं उतरे, पंचायत तिथं भरे, सुखदुःखाचं बोलणं तिथंच होई. ज्याला गावच्या पारावर जागा नव्हती त्याने आपला पार आपण उभा केला. आजचं समाजमंदिर हा त्या तक्क्याचाच शिकलेला नातू आहे. फरक एवढाच की आजा रात्रंदिवस उघडा असायचा आणि नातवाला कुलूप आहे.

बाबासाहेबांच्या संघटित कामाची उभारणी झाली तीही एका सभागृहातून. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी कार्यकर्त्यांची बैठक बोलावली आणि त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेची कचेरीही त्याच दामोदर हॉलमध्ये होती. सभेने पहिलं काय केलं? पुतळा उभारला नाही. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढलं, मुंबईत मोफत वाचनालय चालवलं, तरुणांसाठी हॉकीचा क्लबसुद्धा काढला. आणि आम्ही कारकून माणसं, आमची नजर आकड्यावर जाते: त्या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिका दरमहा ४० रुपये अनुदान देत असे. ही रक्कम इमारत बांधायला नव्हती, मुलांचा रोजचा खर्च भागवायला होती. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

जगातही हेच दिसतं. लंडनच्या गरीब वस्तीत १८८४ साली टॉयन्बी हॉल निघाला. अमेरिकेत शिकागोला १८८९ साली जेन ॲडम्स या बाईंनी मैत्रिणीच्या मदतीने हल हाऊस उघडलं. परमुलखातून पोटासाठी आलेल्या मजुरांची वस्ती होती ती. तिथं बालवाडी, रात्रीचे वर्ग, ग्रंथालय आणि कामगारांच्या सभा, सारं एका छपराखाली चाले. याच बाईंना पुढे १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं. हल हाऊसच्या विश्वस्तांत प्राध्यापक जॉन ड्यूई होते, आणि कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू तेच ड्यूई. शाळा सुटली तरी शिक्षण सुटत नाही, ते वस्तीत चालू राहिलं पाहिजे, हा विचार असा एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत आला आहे.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे वळू. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. या तीन महिन्यांत वस्ती भरलेली असते. संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं, बायाबापड्या पांढरी लुगडी नेसून बसतात, समाजमंदिर फुलून जातं. मग धम्मचक्र प्रवर्तन दिन होतो, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाडीत बसतात आणि दिवा मालवतो. म्हणजे घरात माणसं असतात तेव्हा समाजमंदिर उघडं, आणि मागे राहिलेल्या लेकरांना अन् म्हाताऱ्यांना त्याची खरी गरज असते तेव्हा बंद! खरं तर वर्षावास संपला की समाजमंदिराचं काम सुरू व्हायला हवं. शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत, २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. ती जरूर मागावी. पण आजीजवळ राहणाऱ्या पोरीला रात्री दोन तास उजेड आणि शेजारी एक शहाणं माणूस, ही सोय वस्तीनेच करायची आहे.

"ते खरं, पण पैसा कुठून आणायचा?" असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. बी. कॉम. शिकलेल्या माणसाने त्याचं उत्तर हिशेबानेच दिलं पाहिजे.

आधी सरकारी पैसा. दलित वस्ती सुधार योजना १९७४ पासून आहे. आज ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास या नावाने जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत चालते. २०११ च्या शासननिर्णयात वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे २ लाखांपासून २० लाखांपर्यंत रक्कम ठरवली होती. चालू दर विभागात विचारून घ्यावेत. आपली वस्ती पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात आहे की नाही, हे आधी पाहा. आराखड्यात नाव नसेल तर पुढाऱ्याच्या दारी घातलेले हेलपाटे फुकट. दुसरा, खासदार निधी. डिसेंबर १९९३ मध्ये ही योजना आली. आज वर्षाला ५ कोटी मिळतात आणि त्यातले १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवावे लागतात. मात्र प्रार्थनास्थळाच्या जागेत या निधीतून काम करता येत नाही. म्हणून विहार आपल्या दानातून उभारावं आणि सार्वजनिक सभागृह सरकारी निधीतून. दोघांचे कागद वेगळे ठेवावेत. जागा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंदली आहे ना, हेही पाहावं. गायरानात, कागदाशिवाय बांधलेली भिंत कधी कुणाच्या डोळ्यात खुपेल सांगता येत नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. आम्ही एका कार्यालयात वाचनालयाच्या खर्चासाठी अर्ज घेऊन गेलो. साहेब भले होते. म्हणाले, "बांधकामाचं इस्टिमेट आणा, बघू. लाईट बिलाला आमच्याकडे हेड नाही." भिंतीला हेड आहे, दिव्याला नाही! स्लॅबला निधी आहे, पुस्तकाला नाही! म्हणूनच एका वस्तीत दोन-दोन समाजमंदिरं दिसतात आणि दोन्हींना कुलूप असतं. भिंत बांधली की फोटो निघतो, कोनशिला बसते. रोज संध्याकाळी दिवा लावणाऱ्याची कोनशिला कुणी बसवत नाही.

तरी वाट अगदीच बंद नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेला आपल्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्चावे लागतात. या पैशातून अभ्यासिकेला पुस्तकं, सतरंज्या, दिवे मिळावेत, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या दिवसांना आपण झेंड्याला जातो आणि ग्रामसभेला न थांबता घरी येतो. तिथंच आपण हरतो! ग्रामसेवकांकडून (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) मागच्या वर्षीचे १५ टक्के कशावर गेले, ते लेखी मागावं. भांडू नये, मागत राहावं. वाचनालय नीट चाललं तर १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदानही मागता येतं, पण त्यासाठी नोंदणी, सभासद, पुस्तकांची नोंदवही आणि दरवर्षीचं ऑडिट हवं.

आता आपला पैसा. बाबासाहेबांनी कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं. विसावा राहू द्या; आम्ही चाळीस घरांच्या वस्तीचा महिन्याचा हिशेब मांडतो. वीज ४०० रुपये, वर्तमानपत्र आणि एखादं मासिक ३००, खडू-झाडू-बल्ब १००, संध्याकाळी कुलूप उघडून मुलांजवळ बसणाऱ्या ताईला मानधन १,०००, दुरुस्तीसाठी शिल्लक २००. एकूण २,००० रुपये, वर्षाचे २४,०००. जमेची बाजू अशी: चाळीस घरं, दर घरी ३० रुपये, म्हणजे १,२००. वस्तीतले पाच नोकरदार, प्रत्येकी १०० प्रमाणे ५००. साखरपुडा, नामकरण यांसाठी वर्षात बारा वेळा सभागृह दिलं आणि ३०० रुपये घेतले तर ३,६००, म्हणजे महिना ३००. झाले की नाही २,०००?

आता वीस घरं सहा महिने ऊसतोडीला जातात. त्यांच्याकडून त्या काळात घेऊ नये. वीस घरं, ३० रुपये, सहा महिने: ३,६०० रुपयांची तूट. एवढीच रक्कम ग्रामपंचायतीच्या १५ टक्क्यांतून मागायची आहे. चाळीस घरांच्या समाजमंदिराचा दिवा वर्षभर तेवता राहायला सरकारकडून कमी पडतात ते ३,६०० रुपये! आमच्याच वस्तीत एका जयंतीला डीजेवर २२ हजार गेले होते. जयंती व्हावी, वाजतगाजत व्हावी. भीमाच्या लेकरांनी आनंद नाही करायचा तर कुणी करायचा? पण एका रात्रीचा आवाज आणि वर्षभराचा उजेड यांची किंमत जवळपास सारखीच आहे, हे मंडळाच्या तरुणांनी एकदा कागदावर मांडून पाहावं.

हिशेबाची वही मात्र उघडी हवी. दर पौर्णिमेला जमा-खर्च फळ्यावर लिहावा. समितीत निम्म्या माता-भगिनी असाव्यात, कारण बचत गटाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला समाजमंदिराचा हिशेब जड नाही. वाद घरात शिरला की काय होतं, ते मुंबईत आपण पाहिलं. २५ जून २०१६ रोजी, अंधारात, दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं. बाबासाहेबांच्या छापखान्याचा वारसा असलेली ती वास्तू. जुलैत हजारो माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. उतरायलाच हवं होतं. पण पडल्यावर धावणाऱ्या हजारांइतकीच, उभं असताना रोज झाडून काढणाऱ्या दहांची गरज असते.

आमच्या वस्तीचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. पोती निघाली, थकलेलं बिल आम्ही सचिव म्हणून निम्मं भरलं, निम्मं वर्गणीतून. बारावी होऊन घरी बसलेली एक सून संध्याकाळी सात ते नऊ बसू लागली. पहिल्या हिवाळ्यात चौदा मुलं आली. काही दिवस चारच आली. एकदा कुलूपही पडलं, कारण तिचं मानधन दोन महिने थकलं होतं. ती मुलगी दहावी पास झाली. फार मोठे गुण नाहीत, पण त्या दिवाळीत ती कोयत्यावर गेली नाही, अकरावीला गेली.

आणि किल्ली? ती आता आमच्या कडीत नाही. वस्तीतल्या तीन घरांत तीन किल्ल्या आहेत, त्यातली एक त्या आजीकडे. बांधवांनो, तुमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे, ते आज संध्याकाळीच विचारा. कदाचित ती तुमच्याच खिशात निघेल.

जयभीम! जय भारत!