भाचीसाठी जो कागद मागितला, तो आपल्या खलाशाला का नाही?



बंदीचे दिवस आहेत. बोटी वर ओढल्यात, जाळ्यांची डागडुजी चालू आहे आणि नव्या हंगामासाठी खलाशी कुठून आणायचे याची फोनाफोनी सुरू झाली आहे. म्हणून आत्ताच बोलतो. काहींना आवडणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळात सोसायट्यांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला गेलो होतो. मंडळाची ती माशाच्या आकाराची इमारत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. मुक्काम बहिणीकडे होता. तिची माणसं नोकरीसाठी वीस वर्षांपासून तिकडेच आहेत. माझी भाची नर्स आहे आणि आता जर्मनीला निघाली आहे.

तेलंगणा सरकारची टॉमकॉम नावाची कंपनी आहे. ती परदेशातल्या नोकऱ्यांचं बघते, नर्सना जर्मन भाषा शिकवून तिकडे पाठवते. आपल्या महाराष्ट्रानंही फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवायचा करार केला आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्या कोळीवाड्यांपासूनही लांब नाही.

भाचीचा नोकरीचा करार आला होता. रात्री जेवणं झाल्यावर मी चष्मा लावून बसलो आणि मामा म्हणून एकेक गोष्ट विचारत गेलो. पगार किती? ड्युटी किती तास? आजारी पडली तर? तिकीट कोण देणार? मधेच सोडून यायचं झालं तर दंड किती? पासपोर्ट कोणाकडे राहणार?

तिच्याकडे सगळ्याची उत्तरं होती. जर्मनीत मालकानं कामाच्या अटी लेखी देणं कायद्यानं बंधनकारक आहे. पाळी साधारण आठ तासांची. काही अटींवर दहा तासांपर्यंत जाते, आणि दोन पाळ्यांमध्ये सहसा 11 तास विश्रांती. आजारी पडली तर सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो, पुढचं आरोग्य विम्यातून. देशभराची किमान मजुरी जानेवारी 2026 पासून तासाला 13.90 युरो आहे, त्याखाली कोणी राबवून घेऊ शकत नाही. आणि पासपोर्ट तिच्याजवळच राहणार.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. तिथल्या खासगी कंपनीत पाच कायम कामगार असले, तरी ते आपली समिती निवडू शकतात. पाळ्यांचं वेळापत्रक, जादा काम अशा गोष्टी मालकाला त्या समितीला विचारूनच ठरवाव्या लागतात. सगळीकडे अशी समिती असतेच असं नाही, पण कामगारांनी मागितली तर मालक नाही म्हणू शकत नाही.

माझं समाधान झालं. मग तिनं सहज विचारलं, "मामा, तुमच्या बोटीवरच्या माणसांना तुम्ही काय कागद देता?"

मी म्हटलं, "आपल्याकडे विश्वासावर चालतं गो."

बोललो खरं, पण रात्रभर झोप लागली नाही. कारण मला एक माणूस आठवला.

तीन हंगामांपूर्वी माझ्या बोटीवर विंचमध्ये एका खलाशाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. एक जण ऐनवेळी आला नाही म्हणून तांडेलानं त्याच्या जागी या पोराला आदल्या रात्री आणलं होतं. दवाखान्याचा खर्च मी केला, वर थोडे पैसे देऊन गाडीत बसवून दिला. माणुसकी केली असं मला वाटलं. नंतर विम्याचं काही होतं का म्हणून चौकशी केली, तर त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. फोन लावला तर बंद. गाव कुठलं? नेपाळचा, एवढंच ठाऊक. तांडेलालाही माहीत नाही. माझ्या बोटीवर बोटं गमावलेल्या माणसाचा पत्ता माझ्याकडे नाही, मंडळी. याला विश्वास म्हणायचं का?

आता विम्याचं ऐका. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे आणि तो हैदराबादच्या याच मंडळामार्फत चालतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर 25 हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, आपल्याला एक रुपया पडत नाही. पण नाव नोंदवावं लागतं. आपण आपलं आणि घरच्यांचं नोंदवतो. खलाशाचं किती जणांनी नोंदवलं, छातीवर हात ठेवून सांगा. जो नोंदणीच्या नियमात बसत नाही त्याच्यासाठी वेगळा विमा बघावा लागेल, पण त्यासाठीही आधी नाव-पत्ता तरी हवा ना!

कोणी म्हणेल, जर्मनीचं कौतुक आम्हाला सांगू नकोस. बरोबर आहे. तिथंही सगळं सोन्याचं नाही. 2020 मध्ये कोरोनात तिथल्या ग्युटर्स्लो भागातल्या एका मोठ्या मांस कारखान्यात दीड हजारावर कामगार बाधित निघाले. त्यातले बरेचसे रुमानिया-बल्गेरियाचे, ठेकेदारानं आणलेले, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारे. मालक म्हणत, ही माणसं ठेकेदाराची, आमची नव्हेत. मग सरकारनं कायदा केला आणि 2021 पासून मोठ्या मांस कारखान्यांत कत्तल आणि मांस कापण्याच्या कामाला ठेकेदाराची माणसं लावायला बंदी आली. जो काम घेतो तोच मालक आणि जबाबदारीही त्याचीच.

हे वाचून मला आपलाच "तांडेलानं आणलाय, मला काय माहीत" हा डायलॉग आठवला.

आता आपली बाजू. मी पण बोटवाला आहे, दुखणं मला माहीत आहे. खलाशी उचल घेतात, चाळीस-पन्नास हजार खिशात घालतात आणि पहिल्या फेरीनंतर गायब. किंवा दुसरा नाखवा दोन हजार जास्त देतो म्हणून तिकडे चढतात. डिझेल महाग, मासळीचा भरवसा नाही, बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यात कागदाची भानगड कशाला?

माझं म्हणणं उलट आहे. कागद नाही म्हणूनच आपण बुडतो. उचल किती दिली, कोणासमोर दिली, दर महिन्याला किती कापायची हे लिहिलेलंच नसतं. मग पोलीस ठाण्यात गेलं की आपल्याकडे पुरावा काय? आणि खलाशाच्या बाजूनं बघा. वाट्यावर काम करतो, पण डिझेल, बर्फ, रेशन किती कापलं हे त्याला कोणी दाखवत नाही. हिशोबच दिसत नसेल, तर दोन हजारांसाठी तो का नाही जाणार?

काही जण खलाशाचं मूळ आधारकार्ड पेटीत कुलपात ठेवतात, पळू नये म्हणून. तपासणीसाठी झेरॉक्स ठेवा, मूळ कार्ड त्याच्याजवळ असू द्या. भाचीचा पासपोर्ट तिकडच्या मालकानं असा ठेवला असता, तर आपण सगळ्यांनी मिळून बोंब मारली असती.

आपल्या पालघरची पोरं गुजरातच्या बोटींवर जातात, पाकिस्तानच्या हद्दीत सापडतात आणि वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात पडतात. घरी बायको-पोरं कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. तेव्हा आपण विचारतो, बोटमालक काय करतोय? हाच प्रश्न उद्या नेपाळातली कोणी आई आपल्याला विचारू शकते.

मासेमारीच्या कामासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 188 क्रमांकाचा करार आहे, 2007 सालचा. लेखी करार, खलाशांची यादी, तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात असलं तर दिवसाला किमान 10 तास विश्रांती, असं त्यात आहे. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. आपल्याकडे नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या, त्यात नियुक्तिपत्राची अट आहे. ती कुठल्या बोटीला लागू आणि कुठल्या नाही, यावर वकील भांडत बसतील. आपण कशाला थांबायचं?

माझी सूचना साधी आहे. सोसायटीनं एक पानी फॉर्म छापावा. त्यात खलाशाचं नाव, गाव, घरच्यांचा फोन, पगार किंवा वाटा, उचल आणि तिची कपात, विम्याची नोंद, आजारी पडला किंवा लागलं तर खर्च कोणाचा, आणि मधेच सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. दोन प्रती, त्याला वाचता येईल त्या भाषेत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचा. प्रत्येक फेरीनंतर खर्चाचा हिशोब सगळ्यांसमोर. आणि भांडण झालंच तर सोसायटीत दोन नाखवे, एक तांडेल आणि एक खलाशी अशा चौघांनी बसून मिटवायचं.

येत्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. विरोध करायचा असेल तर जरूर करा, समोर येऊन करा. सभेत काही ठरो न ठरो, 1 ऑगस्टला माझी बोट सुटेल तेव्हा तिच्यावरच्या प्रत्येक माणसाचा पत्ता माझ्या घरी असेल.

त्या पोराचा मात्र अजून शोध लागलेला नाही. तीन हंगामांपूर्वी आपल्या भागात कामाला असलेला, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला नेपाळी खलाशी कोणाच्या बोटीवर असेल, तर मला कळवा.