झाडाचे आळे मोकळे करा

पावसाळा तोंडावर आला की दादर, परळ, लालबाग, गिरगावात फांद्या छाटणारी पथके दिसू लागतात. छाटणी हवीच. उन्मळून पडलेल्या झाडाखाली सापडून माणसे दगावल्याच्या बातम्या या शहराला नव्या नाहीत. पण झाडाच्या प्रकृतीची आपली सगळी चौकशी बुंध्याच्या वरच संपते. बुंध्याखाली काय चालले आहे, हे क्वचितच कोणी विचारते.

बुंध्याखाली झाड एकटे नसते. जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ अल्बर्ट फ्रँक यांनी १८८५मध्ये मुळे आणि बुरशी यांच्या भागीदारीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. मुळांत शिरलेल्या या बुरशीचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. मुळांना जिथे पोचता येत नाही, अशा मातीच्या फटींत ते शिरतात आणि पाणी, स्फुरद, जस्त आणून देतात. स्फुरद मातीत जागचे फारसे हलत नाही. मुळांच्या लगतचे संपले की झाडाची उपासमार सुरू होते, म्हणून हे लांबवर पोचणारे हात मोलाचे. मोबदल्यात झाड पानांत तयार केलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ बुरशीला देते. ही देवाणघेवाण चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही दिसते. आज जमिनीवरील बहुसंख्य वनस्पती तिच्यावर अवलंबून आहेत.

बुरशीच्या जोडीला जीवाणूही असतात. आपल्या रस्त्यांवरचा वर्षावृक्ष शेंगवर्गातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम गटातले जीवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. इतर जीवाणू पालापाचोळा कुजवून त्यातले अन्न पुन्हा मुळांना मिळेल असे करतात. बुरशीचे तंतू आणि जीवाणूंचा चिकट स्राव मातीचे कण एकमेकांना बांधतात. अशी रवाळ माती पाणी मुरवते, धरून ठेवते आणि मुळांना हवा देते. कणांची ही बांधणी मोडली, की उरते ती उन्हाळ्यात धूळ आणि पावसात चिखल. शिवाजी पार्कच्या लाल मातीबद्दल रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करतात. सतत तुडवल्या जाणाऱ्या मैदानावर हिरवळ टिकवणे सोपे नाही. पण मुळे नसलेली माती केवळ पाणी मारून जागेवर राहत नाही, हे त्यातून कळावे.

आता आपल्या पदपथांकडे पाहा. बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक, त्याखाली सिमेंट, आणि काही ठिकाणी झाडाभोवती बांधलेला फरशीचा कट्टा. त्या मातीत पाणी उतरत नाही, प्राणवायू पोचत नाही. पडलेली पाने सकाळी झाडून कचरागाडीत जातात, म्हणजे मातीतल्या जीवांचे जेवणच उचलले जाते. त्यात केबल आणि वाहिन्यांसाठी चर खणताना मुळे तोडली जातात. वादळात पडलेल्या झाडाचे खापर वाऱ्यावर फुटते. मुळांची ताकद मात्र त्याआधीच अनेक वर्षे घटत आलेली असते. बुरशी नाही म्हणून झाड पडते, असे सोपे समीकरण मांडता येणार नाही. गॅनोडर्मासारखी कवके तर उलट मुळे आणि बुंधा कुजवतात. पण ज्याची मुळे गुदमरली आहेत आणि जखमी आहेत, ते झाड अशा रोगाला लवकर बळी पडते.

या विषयाभोवती अतिशयोक्तीही फार झाली आहे. झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी ‘बोलतात’ ही कल्पना लोकप्रिय आहे. मात्र जंगलातल्या पुराव्यांची २०२३मध्ये छाननी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी तिच्यातले बरेच दावे अपुऱ्या पुराव्यावर उभे असल्याचे दाखवले. बाजारात मिळणाऱ्या मायकोरायझाच्या पुड्यांबाबतही सावध राहावे. त्यातले बीजाणू जिवंत असतीलच असे नाही. मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळातल्या आणि पालकासारख्या भाज्या तर बहुधा ही भागीदारी करतच नाहीत. त्यांच्या कुंडीत ती पूड टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. स्फुरदाचे रासायनिक खत भरपूर दिले, तर इतर झाडेही बुरशीला साखर देणे आखडते घेतात.

मग करायचे काय? पुडीपेक्षा परिस्थिती सुधारणे महत्त्वाचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मुंबई महापालिकेनेही बुंधे मोकळे करण्याच्या मोहिमा काढल्या. पण एका खात्याने मोकळे केलेले आळे दुसऱ्या खात्याचा कंत्राटदार पुन्हा बुजवणार असेल, तर मोहिमेला अर्थ नाही. रस्त्याच्या कामाच्या निविदेतच मोकळ्या आळ्याची अट असावी आणि ती मोडल्यास देयक अडवावे. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा करणे हेही झाड तोडण्यातच मोडते. मुळे छाटणाऱ्या खोदकामाला तोच न्याय लावायला हवा.

नागरिकांच्या हातातही बरेच आहे. गणेशोत्सवात पालिका निर्माल्याचे खत करते. सोसायटीच्या आवारात पाचोळ्याचे तेच वर्षभर करता येते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलवून दाखवली गेली आहे. चाळीच्या गॅलरीतल्या तुळशीलाही हाच नियम लागू आहे: दर वर्षी सगळी माती फेकून नवी भरू नका, थोडे चांगले कुजलेले खत मिसळा, वर सुक्या पानांचा थर द्या, कुंडीत पाणी साचू देऊ नका. चिमूटभर जुनी माती नव्या रोपालाही द्या. विरजणासारखी ती कामी येते.

दादरच्या पारशी कॉलनीत आणि हिंदू कॉलनीत आज ज्या झाडांच्या सावलीतून आपण चालतो, त्यातली कितीतरी आपल्या आधीच्या पिढ्यांनी लावलेली आहेत. तशी सावली विकत मिळत नाही आणि पाच वर्षांत वाढतही नाही. नवी रोपे लावण्याचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. त्यासोबत प्रत्येक विभाग कार्यालयाने आपल्या हद्दीतली किती आळी मोकळी आहेत, हाही आकडा जाहीर करावा. आपल्या दारासमोरच्या झाडापासून ही मोजणी आजच सुरू करता येईल.