तो आपलाच होता, म्हणून?

दोस्तांनो, सवर्णानं आमच्या बाईवर हात टाकला की आपण मोर्चा काढतो. काढलाच पाहिजे. पण हात टाकणारा आपलाच दोस्त असला तर? तेव्हा घोषणा कुठं जातात?

मी मुळशी तालुक्यातली. तो माझ्याबरोबर पोस्टरं चिकटवायचा. आईच्या हातची भाकर खायचा. मला ताई म्हणायचा. त्या दिवशी पौडच्या बैठकीत तो महाडवर बोलला. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी मनुस्मृती का जाळली, ते फोड करून सांगितलं. माझी शेवटची एसटी चुकली. घरी सोडतो म्हणाला. वाटेत, भातखाचरांच्या कडेला, त्यानं माझ्यावर बलात्कार केला.

हा शब्द लिहायला मला चार वर्षं लागली.

मी नको म्हणाले. पण ओरडले नाही. भीतीनं अंग दगड झालं. मग मीच मला आरोपी केलं. ओरडली का नाहीस? त्याच्याबरोबर गेलीस कशाला?

मथुरेच्या बाबतीतही हेच झालं. १९७२ साली या आदिवासी पोरीवर चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून सुप्रीम कोर्टानं १९७८ साली दोन्ही पोलिसांना सोडलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली कोर्टालाच खुलं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. आणि २०१३ पासून कायद्यातच लिहिलंय : अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी स्वतःला सोडून दिलं.

पण तुम्ही?

मी दोघा-तिघांना सांगितलं. उत्तरं ठरलेली. चळवळ बदनाम होईल. पेपरवाल्यांना आयतं खाद्य मिळेल. एक तर म्हणाला, तो आपल्यातलाच, ॲट्रॉसिटी लागत नाही. अरे, ॲट्रॉसिटी लागत नाही, बलात्काराचं कलम तर लागतं! सरकारी आकडे वर्षानुवर्षं सांगतायत, शंभरातले नव्वदाहून जास्त बलात्कारी बाईच्या ओळखीचे असतात. म्हणजे तो घरातलाच, आळीतलाच, बैठकीतलाच.

आमच्या मुळशीत टाटांच्या धरणासाठी जमिनी जायला लागल्या तेव्हा १९२१ साली लोकांनी सत्याग्रह केला. जमीन घेतली तर लूट. बाईचं अंग ओरबाडलं तर घरातली गोष्ट, मिटवून टाका. हा न्याय कुठला? जाळलेल्या त्या पोथीतलाच ना?

चळवळ माझ्या बोलण्यानं बदनाम होत नाही. त्यानं केलं आणि तुम्ही झाकलं, त्यानं होते.

तक्रार द्यायची की नाही, ते मी ठरवीन. पण तो ज्या सतरंजीवर, त्या सतरंजीवर मी बसणार नाही. आणि चळवळही सोडणार नाही. ती माझ्या आईनंही उभी केलीय. पुढच्या बैठकीला मी येतेय. तो आला तर कुणाला उठवायचं, तेवढं आधी ठरवून ठेवा.