पाच, दहा, सोळा: घटसर्पाच्या राहून गेलेल्या लसी आजच तपासा

पालकहो, शिक्षकहो आणि गावोगावच्या डॉक्टरांनो,

वर्गातल्या एखाद्या मुलाला घटसर्प झाल्याची बातमी आली की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर पहिला प्रश्न येतो, उद्या मुलांना शाळेत पाठवायचे की नाही? लगेच दुसरा येतो, ते मूल कोणाचे, कुठल्या वस्तीतले? पोटच्या पोराची काळजी कोणाला नसते? पण या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांनी एकही मूल वाचत नाही. आपण विचारायला हवे ते एवढेच, की माझ्या मुलाने घटसर्पाची शेवटची लस कधी घेतली?

शाळेत जाणारे मूल ज्यांच्या घरात आहे, त्या प्रत्येकाने आज त्याचे लसीकरण कार्ड शोधावे. त्यात पाच ते सहा वर्षांच्या डीपीटी बूस्टरची, दहाव्या वर्षाच्या टीडीची आणि सोळाव्या वर्षाच्या टीडीची नोंद आहे का ते पाहावे. मुलाच्या आजच्या वयापर्यंतचा एक जरी रकाना कोरा असला तरी हे आवाहन तुमच्यासाठी आहे, आणि ते तातडीचे आहे.

आजार जुना, पण गेलेला नाही

घटसर्प हा आजीच्या आठवणीतला रोग, आता कुठे राहिला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात २०१८ मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेकडे घटसर्पाचे ८,७८८ रुग्ण नोंदवले. त्या वर्षी साऱ्या जगात नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशातले होते. २०१६ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात या रोगाने किशोरवयीन मुले दगावली. शिक्षण आणि आरोग्य दोन्हींत पुढे असलेल्या राज्यातली ही गोष्ट आहे. २०२४ मध्ये राजस्थानच्या डीग जिल्ह्यातही या रोगाने मुले दगावली. लसीकरण विस्कळीत झाले की हा रोग किती वेगाने परततो, हे १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर तिथल्या देशांनी भोगले आहे. दीड लाखाहून अधिक रुग्ण आणि सुमारे पाच हजार मृत्यू, तेही जिथे हा रोग जवळजवळ संपला होता अशा मुलखात.

घटसर्पाचा जिवाणू खोकला, शिंक आणि जवळून बोलताना उडणाऱ्या तुषारांतून पसरतो. दाटीने बसणारे वर्ग, एकाच खोलीत झोपणारी वसतिगृहातली आणि आश्रमशाळेतली मुले, एकमेकांच्या बाटलीला तोंड लावून पाणी पिण्याची सवय, हे सगळे त्याच्या पथ्यावर पडते. आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या महिन्यांत रुग्ण वाढलेले दिसतात. म्हणून ‘दिवाळीच्या सुट्टीत बघू’ म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

घशात काय होते

लागण झाल्यावर बहुधा दोन ते पाच दिवसांत घसा दुखू लागतो. ताप अनेकदा बेताचाच असतो आणि इथेच फसगत होते. ‘थंड प्यायला, घसा धरला’ म्हणून हळद-मिठाच्या गुळण्यांवर दोन दिवस जातात. तोवर टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या बाजूला करडा-पांढरट जाड पापुद्रा धरतो. तो घट्ट चिकटलेला असतो आणि खरवडला तर रक्त येते. म्हणून घरी कोणीही बोट, कापूस किंवा चमचा घालून तो काढायला जाऊ नये. काही मुलांची मान दोन्ही बाजूंनी सुजते, आवाज बसतो, गिळवत नाही, श्वास घेताना घरघर होते.

पापुद्रा श्वासनलिकेत उतरला तर श्वास कोंडतो. पण खरा घात करते ते जिवाणूने तयार केलेले विष. रक्तातून ते हृदयाच्या स्नायूपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोचते. घसा बरा वाटू लागल्यावरही हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काही मुलांना पाणी पाजले की ते नाकातून परत येते, कारण टाळू लुळी पडलेली असते. उपचार मिळूनही दहातला एखादा रुग्ण दगावतो, आणि उपचार न मिळाल्यास हे प्रमाण कितीतरी वाढते.

बाळपणीची लस पुरत नाही

‘आमच्या बाळाला सगळ्या लसी दिल्या आहेत’ असे पालक सांगतात तेव्हा ते खरेच बोलत असतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट, मग दीड वर्षाच्या सुमारास डीपीटीचा पहिला बूस्टर, इथवर आशाताई पाठपुरावा करतात, आईलाही तारखा पाठ असतात. त्यानंतर मूल अंगणवाडीतून शाळेत जाते आणि कार्ड कपाटाच्या तळाशी जाते. या लसीने मिळालेले संरक्षण मात्र वर्षागणिक कमी होत जाते. ते पुन्हा उभे करण्यासाठीच पाचव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षाच्या मात्रा ठरवलेल्या आहेत. अलीकडच्या काळात शाळकरी आणि किशोरवयीन मुलांमध्ये घटसर्प दिसतो तो या हुकलेल्या मात्रांमुळे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सरकारी कार्यक्रमात २०१९ च्या आसपासपर्यंत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीटी, म्हणजे फक्त धनुर्वाताची लस दिली जाई. घटसर्पाचा अंश असलेली टीडी तिच्या जागी नंतर आली. त्यामुळे गुडघा फुटल्यावर घेतलेले ‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ जमेस धरू नका, कागदावर टीडी लिहिले आहे का ते पाहा. दुसरे असे, की २०२० आणि २०२१ मध्ये शाळा बंद होत्या. ज्या मुलांचे पाचवे किंवा दहावे वर्ष त्या काळात आले, त्यांच्या मात्रा राहून गेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांची कार्डे सर्वांत आधी तपासा.

खेड्यातल्या पालकांना एक वेगळी सूचना. पावसाळ्याआधी गुरांना टोचतात ती घटसर्पाची लस निराळी, तो रोगही निराळा आणि त्याचा जिवाणूही निराळा. गुरांच्या घटसर्पापासून मुलांना हा आजार होत नाही. पण जनावराची लस जो शेतकरी कधी चुकवत नाही, त्याने त्याच आठवड्यात पोराचे कार्डही पाहावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

औषध आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका

घटसर्पावर प्रतिविष आहे. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये त्याचा पाया घातला, आणि त्या कामासाठी बेरिंग यांना १९०१ चे वैद्यकशास्त्रातले पहिले नोबेल मिळाले. आजही ते घोड्यांच्या रक्तातूनच तयार होते. रक्तात फिरणारे विष ते निकामी करते, पण पेशींना आधीच चिकटलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून एकेक तास मोलाचा असतो. हा रोग विरळ झाल्यापासून प्रतिविष बनवणारे कारखानेही थोडेच उरले आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीच्या किंग्जवे कॅम्प भागातल्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात वीसहून अधिक मुले दगावली. तेव्हा प्रतिविषाचा तुटवडा होता. दाखल झालेल्या मुलांपैकी बहुतेकांना लसच मिळालेली नव्हती.

आपल्या पुण्यात, हडपसरला, डीपीटी आणि पेंटाव्हॅलंट लसी प्रचंड संख्येने तयार होऊन जगभर जातात. त्याच राज्यातले एखादे मूल दहाव्या वर्षाच्या एका टोचणीवाचून दगावावे, हे आपल्याला शोभणारे नाही.

पालकांनी काय करावे

कार्ड हरवले असेल तर घाबरू नका. उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे किंवा आशाताईंकडे जुनी नोंद मिळते का ते पाहा. नोंद सापडलीच नाही, तर मात्रा झालेली नाही असे धरून डॉक्टर लस देतात. एखादी मात्रा जास्त झाल्याने सहसा अपाय होत नाही. सात वर्षांपर्यंतच्या मुलाला डीपीटी आणि त्याहून मोठ्याला टीडी दिली जाते. सरकारी दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शाळेतल्या शिबिरात ती मोफत मिळते.

शाळेतून संमतीपत्र आले तर ते दप्तरात पडू देऊ नका, सही करून परत पाठवा. लसीनंतर दंड दुखणे, थोडी सूज, एखाद-दोन दिवस बारीक ताप येणे नेहमीचे आहे. मोठी मुले सुईच्या भीतीने कधी कधी चक्कर येऊन पडतात. म्हणून त्यांना खाऊन पाठवा आणि लसीनंतर अर्धा तास बसू द्या.

घसादुखीबरोबर पांढरा-करडा पापुद्रा, मानेची सूज, गिळता न येणे, बसलेला आवाज किंवा श्वासाचा त्रास यांपैकी काहीही दिसले तर मुलाला शाळेत पाठवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. श्वास लागत असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. सल्ला हवा असेल तर १०४ क्रमांक आहे.

वर्गात कोणाला घटसर्प झाल्याचे निश्चित झाले, तर आरोग्य कर्मचारी आपल्या मुलाच्या घशाचा नमुना मागतील आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या देतील. लस झालेली असली तरी त्या घ्या. लस विषापासून वाचवते, पण लस घेतलेल्या मुलाच्या घशातही जिवाणू मुक्काम करू शकतो आणि त्याच्याकडून घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत जाऊ शकतो. गोळ्या सांगितले तितके दिवस पूर्ण करा. आणि त्या आजारी मुलाचे नाव, फोटो, वस्ती गटांवर फिरवू नका. आपल्यावर बोटे रोखली जातील या भीतीने पुढचे घर आजार लपवील, आणि लपवलेला आजार सर्व मुलांना महागात पडेल.

मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना

पहिली, पाचवी आणि दहावीच्या वर्गांची यादी हाती घ्या आणि प्रत्येक मुलाच्या लसीची नोंद विचारा. शिबिराच्या दिवशी गैरहजर असलेल्यांची वेगळी यादी करा, कारण रोग नेमका त्यांनाच शोधतो. ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरची आणि बांधकामावरची मुले शिबिराच्या तारखेला गावात नसतात. ती स्थलांतराला निघण्याआधीच त्यांची मात्रा होईल असे पाहा, आणि ज्या गावी ती पोचतात तिथल्या शाळेने त्यांना आपल्या यादीत घ्यावे. एकाच वर्गात दोन-तीन मुले घशाच्या तक्रारीने गैरहजर राहिली तर पटावर फक्त ‘गैरहजर’ लिहून थांबू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. शाळेची बदनामी होईल या धास्तीने गप्प बसणे सर्वांत धोक्याचे आहे.

डॉक्टरांना आणि प्रशासनाला

गल्लीतल्या, वाडीवरच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. घसादुखीच्या प्रत्येक मुलाला आ करायला लावा आणि बॅटरी मारून घसा पाहा. पापुद्र्याचा संशय आला तर गोळ्या देऊन घरी पाठवू नका. मोठ्या रुग्णालयात पाठवा, तिथे आधी फोन करा आणि आरोग्य विभागाला कळवा. संशय पक्का असेल तर तपासणीच्या अहवालासाठी प्रतिविष रोखून धरू नये, हे आपण जाणताच.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि महापालिकांनी तीन गोष्टी जाहीर कराव्यात. प्रतिविषाचा साठा कोणत्या रुग्णालयात आहे, प्रत्येक शाळेतले टीडीचे शिबिर कोणत्या तारखेला आहे, आणि हुकलेल्या मुलांसाठी दुसरी तारीख कोणती. संमतीपत्र सोप्या मराठीत असावे. ज्या वस्तीत मराठी बोलली जात नाही तिथे त्या लोकांच्या भाषेत ते द्यावे.

पालकहो, या सगळ्यातला तुमचा वाटा लहान आहे आणि आज रात्री होण्याजोगा आहे. कार्ड काढा, पाच, दहा, सोळा या वयांसमोरचे रकाने पाहा. कोरा रकाना दिसला तर उपकेंद्रावर लसीचा वार कोणता ते उद्या सकाळी आशाताईंना विचारा आणि त्या दिवशी मुलाला घेऊन जा. शेजारच्या घरात कार्ड वाचता येणारे कोणी नसेल, तर त्यांचे कार्डही तुम्हीच वाचा.